कार्ब्युरेटरची जुळणी : हवा व पेट्रोल यांचा मेळ

शेतकीच्या मासिकांत वेगवान मोटारीच्या कार्ब्युरेटरची चर्चा कां, असा प्रश्न हें शीर्षक पाहतांच आमच्या कित्येक वाचकांच्या मनांत उभा राहील. त्याचें उत्तर आरंभींच देणें इष्ट आहे. आपल्या देशांत पेट्रोलमध्यें इथेनॉल मिसळण्याचें प्रमाण जून २०२२ मध्यें शेंकडा दहावर आलें आणि २०२५ सालीं तें शेंकडा वीसपर्यंत पोंचलें. हें इथेनॉल उंसाचा रस, मळी, मका व इतर धान्य यांपासून होतें; म्हणजे अशा प्रत्येक पांच लिटर पेट्रोलांतील सुमारें एक लिटर शेतांतून आलेलें असतें. नव्या मोटारींतील व मोटारसायकलींतील पिचकारीची योजना इंजिनाच्या धुरांतील प्राणवायू मोजून पेट्रोल आपोआप कमीजास्त करिते. परंतु ज्या इंजिनावर कार्ब्युरेटर आहे त्यास असें भान नसतें. मनुष्यानें एकदां जें प्रमाण बांधून दिलें, तेंच तें पाळीत राहतें. इंधन बदललें तरी त्यास तें कळत नाहीं.

अशीं इंजिनें आज मुख्यतः दोन टोकांस आढळतात. एका टोकास हौशी लोकांनीं जपलेल्या जुन्या वेगवान मोटारी आहेत, व दुसऱ्या टोकास आपल्या शेतावरील ब्रशकटर, पॉवर वीडर, पेट्रोलवरील फवारणी पंप आणि जुन्या मोटारसायकली आहेत. पहिल्या टोकास मिश्रणाच्या जुळणीची विद्या फार बारकाईनें अभ्यासिली गेली, कारण तेथें शर्यतींत जय मिळणें किंवा पिस्टनला भोंक पडणें हें त्या जुळणीवर अवलंबून असे. दुसऱ्या टोकास तीच विद्या बहुधा स्क्रू इकडेतिकडे फिरवून पाहण्यापुरती उरली आहे. म्हणून मोटारवाल्यांच्या अनुभवांतून शेतकऱ्यानें काय घ्यावें, हें सांगण्याचा आम्ही येथें प्रयत्न करीत आहों.

हवेचें प्रमाण

पेट्रोल जळतें तें हवेंतील प्राणवायूच्या साह्यानें. एक भार पेट्रोल पुरतें जळावयास सुमारें १४.७ भार हवा लागते. हें वजनाचें प्रमाण झालें. मापानें पाहिलें तर एक लिटर पेट्रोलास सुमारें नऊ हजार लिटर हवा हवी. म्हणजे तीन मीटर लांब, तीन मीटर रुंद व एक मीटर खोल खड्डा भरेल इतकी. इंजिन हें पेट्रोल खाणारें यंत्र आहे असें आपण म्हणतों, पण खरें पाहतां तें हवा ओढणारें यंत्र आहे, व पेट्रोल हें त्या हवेंतील मीठ आहे. मीठ कमी पडलें तरी अन्न बिघडतें आणि जास्त झालें तरीही बिघडतें.

हवेच्या मानानें पेट्रोल अधिक असेल तर कारागीर त्यास ‘रिच’ म्हणतात, कमी असेल तर ‘लीन’. आम्ही या लेखांत पहिल्यास दाट व दुसऱ्यास विरळ असें म्हणूं. आतां वाचकांस वाटेल कीं, १४.७ हें प्रमाण एकदां साधलें म्हणजे काम झालें. तसें नाहीं. इंजिनाकडून पुरी शक्ति घ्यावयाची असेल तर मिश्रण कांहींसें दाट, म्हणजे एकास साडेबारा ते तेरा, असें लागतें. सिलिंडरांत शिरलेल्या हवेंतील प्राणवायूचा कणन् कण कामीं यावा म्हणून पेट्रोल थोडें अधिक द्यावें लागतें, आणि तें अधिक पेट्रोल वाफ होतांना सिलिंडर थंडही राखतें. उलट, मोकळ्या सपाट रस्त्यावर मध्यम वेगानें चालतांना काटकसर हवी असेल तर मिश्रण थोडें विरळ, म्हणजे एकास साडेपंधरा ते सोळा, असें चालतें. थंड इंजिन सुरू करितांना तर पेट्रोल पुष्कळच अधिक द्यावें लागतें, कारण त्यांतील फारच थोड्या भागाची वाफ होते. बाकीचें थंड नळीच्या भिंतींस चिकटून राहतें.

दोन्ही बाजूंचे दोष सारखे नाहींत, ही गोष्ट विशेष ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. फार दाट मिश्रणानें पैसा वायां जातो, धूर काळा येतो, प्लगवर काजळी धरते, आणि न जळलेलें पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरील तेल धुऊन काढतें. हें नुकसान सावकाश होतें व डोळ्यांना दिसतें. फार विरळ मिश्रणाचें नुकसान मात्र लपून होतें. मिश्रण सावकाश जळतें, इंजिन तापतें, भार पडला कीं आंत ठोके बसूं लागतात, आणि पुरी शक्ति देत असतांना हा प्रकार घडला तर पिस्टनचा माथा थोड्या वेळांत वितळूं शकतो. गंमत अशी कीं, बिघाड होण्यापूर्वी असें इंजिन स्वच्छ चालत आहे असेंच वाटतें. म्हणून शर्यतीचा अनुभवी कारागीर नेहमीं दाट बाजूकडून आरंभ करून हळूहळू विरळ बाजूकडे येतो, उलट कधीं जात नाहीं.

कार्ब्युरेटरची रचना

कार्ल बेंझच्या १८८६ सालच्या पहिल्या मोटारींत पेट्रोलच्या पृष्ठावरून हवा नेऊन तिची वाफ उचलण्याची योजना होती. पुढें १८९३ सालीं विल्हेल्म मायबाखनें पेट्रोलचा फवारा हवेंत सोडणारा कार्ब्युरेटर तयार केला, आणि तेंच तत्त्व पुढें सर्वत्र रूढ झालें. तत्त्व साधें आहे. पाटाचें पाणी अरुंद मोरींतून जातांना जसें वेगानें धांवतें, तशी कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यांतून जाणारी हवा वेग घेते; वेग वाढला कीं तिचा दाब कमी होतो, आणि त्या कमी दाबामुळें शेजारच्या वाडग्यांतील पेट्रोल बारीक भोंकांतून ओढलें जाऊन हवेंत उडतें. हें बारीक भोंक म्हणजे जेट. वाडग्यांतील पेट्रोलची पातळी एका तरंगत्या डब्यानें राखिली जाते. घराच्या टाकींत बॉलकॉक काम करतो तसाच हा प्रकार. ही पातळी चुकली तर पुढची कोणतीही जुळणी बरोबर येणार नाहीं.

अडचण ही कीं, एकाच मापाचा गळा व एकाच मापाचा जेट सर्व वेगांस पुरत नाहीं. हवेचा ओघ मंद असला म्हणजे गळ्यांत पुरेशी ओढ निर्माण होत नाहीं, आणि ओघ वाढला कीं पेट्रोल हवेच्या मानानें अधिक येऊं लागतें. बहुतेक कार्ब्युरेटरांत यावर उपाय म्हणून मंद चालीसाठीं एक जेट, मुख्य कामासाठीं दुसरा, व एकदम वेग वाढवितांना पेट्रोलची पिचकारी मारणारा छोटा पंप अशी योजना असते. इटलींतील बोलोन्या शहरीं १९२३ सालीं एदुआर्दो वेबरनें काढलेल्या कारखान्याचे कार्ब्युरेटर याच जातीचे, आणि शर्यतीच्या मोटारींवर ते फार नांवाजले.

दुसरा मार्ग इंग्लंडांत स्किनर बंधूंनीं काढला. हें घराणें पादत्राणांच्या व्यापारांतलें. जॉर्ज हर्बर्ट स्किनरनें १९०५ च्या सुमारास बनविलेल्या कार्ब्युरेटरांत गळाच हवेच्या ओघाप्रमाणें लहानमोठा होत असे. प्रारंभीं त्यांत चामड्याचा भाता होता. पुढें त्या जागीं धातूचा पिस्टन आला. हवेची मागणी वाढली कीं पिस्टन वर उचलला जातो, गळा मोठा होतो, आणि पिस्टनला खालीं जोडलेली निमुळती सुई जेटमधून वर सरकून पेट्रोलची वाट तितक्याच मानानें मोठी करिते. गळ्यांतील ओढ त्यामुळें सर्व वेगांस जवळजवळ सारखीच राहते. स्किनर्स युनियन या नांवाच्या आद्याक्षरांवरून यास एस्. यू. कार्ब्युरेटर म्हणतात.

हा कार्ब्युरेटर आम्ही उदाहरणादाखल घेत आहों याचें एक कारण आहे. १९५५ सालीं इंग्लंडांतील ॲबिंग्डन येथून एम्. जी. ए. नांवाची दोन माणसांची वेगवान मोटार निघाली. तिच्यांत १,४८९ घन सेंटीमीटरचें इंजिन व त्यावर दोन एस्. यू. कार्ब्युरेटर होते. त्याच कुळांतील व त्याच मापाचें इंजिन आपल्याकडील अँबॅसडर मोटारींत कित्येक वर्षें बसविलें जात असे. ज्या इंजिनानें एका देशांत शर्यत केली, त्याचेंच शांत भावंड दुसऱ्या देशांत वऱ्हाडी मंडळी व बाजाराच्या गोणी वाहत होतें. मिश्रणाचा नियम दोघांनाही एकच होता.

जुळणीपूर्वीची तयारी

इंजिन नीट चालेना कीं प्रथम कार्ब्युरेटरचा स्क्रू फिरवावयाचा, ही संवय सर्वांत घातक आहे. कार्ब्युरेटरला हात लावावयाचा तो सर्वांत शेवटीं. प्रथम व्हॉल्व्हची फट मापाप्रमाणें आहे ना, सर्व सिलिंडरांत दाब सारखा भरतो ना, प्लगची ठिणगी जोरदार व वेळेवर पडते ना, हें पाहावें. ठिणगी उशिरां पडणारें इंजिनही मंद व गरम चालतें, आणि तो दोष मिश्रणाचा समजून पेट्रोल वाढविलें तर एका रोगावर दुसऱ्या रोगाचें औषध दिल्यासारखें होतें.

त्यानंतर हवेची चोरवाट शोधावी. कार्ब्युरेटर व इंजिन यांमधील गॅस्केट फाटलें असेल, किंवा थ्रॉटलचा दांडा झिजून ढिला झाला असेल, तर तेथून शिरणारी हवा जेटला न विचारतां आंत जाते व मिश्रण विरळ होतें. मंद चाल एकसारखी न राहतां वरखालीं होऊं लागली तर हा संशय प्रथम घ्यावा. नंतर हवेची जाळी साफ करावी, वाडग्यांतील गाळ काढावा आणि पेट्रोलची पातळी तपासावी. जाळी धुळीनें कोंडली असतां केलेली जुळणी, जाळी साफ करितांच चुकीची ठरते. एस्. यू. कार्ब्युरेटरच्या पिस्टनवरील नळींत पातळ इंजिन-तेल असावें लागतें. एकाएकीं थ्रॉटल उघडला असतां पिस्टन उसळूं नये, क्षणभर ओढ वाढावी व पेट्रोल अधिक यावें, हें त्या तेलाचें काम. तेथें तेल नसेल तर वेग घेतांना इंजिन अडखळतें, आणि तो दोष कितीही नट फिरविला तरी जात नाहीं.

जुळणी नेहमीं इंजिन पूर्ण तापल्यावर व उघड्या जागीं करावी. बंद गोठ्यांत किंवा कोठारांत इंजिन चालवूं नये. दाट मिश्रणाच्या धुरांत कार्बन मोनॉक्साइड पुष्कळ असतो. त्यास वास नाहीं, रंग नाहीं, आणि तो माणसाचा जीव घेतो.

प्रत्यक्ष जुळणी

एस्. यू. कार्ब्युरेटरच्या जुन्या प्रकारांत जेटखालीं षट्कोनी नट असतो. तो वर चढविला कीं जेट सुईभोंवतीं वर येतो, फट अरुंद होते व मिश्रण विरळ होतें; खालीं उतरविला कीं मिश्रण दाट होतें. आरंभीं नट पूर्ण वर चढवून तेथून दोन फेरे, म्हणजे बारा पैलू, खालीं आणावा. इंजिन तापल्यावर एका वेळीं एकच पैलू फिरवून चाल ऐकावी. चाल सर्वांत जलद व गुळगुळीत होईल तेथें थांबावें, आणि मग मंद चालीचा स्क्रू फिरवून वेग ठरलेल्या मापावर आणावा.

हें बरोबर झालें कीं नाहीं याची परीक्षा मोठी सुबक आहे. पिस्टन उचलण्याच्या खिळीनें तो फक्त पाऊण मिलिमीटर वर उचलावा. इंजिनाचा वेग वाढला व वाढलेलाच राहिला, तर मिश्रण दाट आहे. वेग एकदम पडला किंवा इंजिन बंद पडूं लागलें, तर तें विरळ आहे. वेग क्षणभर किंचित् वाढून पुन्हां पूर्वीच्या चालीवर आला, तर जुळणी बरोबर आहे. पिस्टन उचलल्यानें थोडी जास्त हवा शिरते. दाट मिश्रणाला ती हवीच असते, विरळ मिश्रणाला ती सोसत नाहीं, एवढेंच या परीक्षेचें मर्म आहे.

दोन कार्ब्युरेटर असले तर मिश्रणापूर्वीं त्यांतील हवेचा ओघ समान करावा. दोघांमधील दांड्याचे स्क्रू ढिले करून, एका रबरी नळीचें एक टोंक कानाशीं व दुसरें कार्ब्युरेटरच्या तोंडाशीं धरावें, आणि दोहोंचा सूस् असा आवाज सारखा येईपर्यंत मंद चालीचे स्क्रू जुळवावे. जोडीच्या बैलांपैकीं एक पुढें ओढूं लागला व दुसरा मागें राहिला, तर नांगर सरळ जात नाहीं, येथेंही तसेंच. ओघ समान झाल्यावरच प्रत्येकाचा नट सारख्या पैलूंनीं फिरवावा.

मंद चाल साधली म्हणजे सर्व साधलें असें मात्र नाहीं. वेगवान मोटारीचा खरा कस पुऱ्या थ्रॉटलवर लागतो, आणि तेथें सुईचा निमुळतेपणा किंवा मुख्य जेटचें माप निर्णय करितें. त्यासाठीं नवा प्लग बसवून, मोटार बंद मैदानावर किंवा फिरत्या रुळांच्या चांचणी-यंत्रावर पुऱ्या थ्रॉटलनें चालवितात, आणि त्याच स्थितींत ठिणगी तोडून प्लग काढून पाहतात. सार्वजनिक रस्त्यावर हा प्रयोग करूं नये. प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर फिकट बदामी छटा असेल तर प्रमाण ठीक. काळी काजळी असेल तर दाट. आणि ती पांढरीफटक किंवा फोड आल्यासारखी दिसली तर विरळ. हल्लींच्या शिसेंविरहित व इथेनॉलयुक्त पेट्रोलानें ही छटा पूर्वीपेक्षां फिकी उमटते, म्हणून केवळ प्लगवर विसंबूं नये.

आज या कामीं लॅम्डा मापक फार उपयोगी पडतो. धुरांतील प्राणवायू ओळखणारें हें साधन मोटारींत प्रथम व्होल्व्हो कंपनीनें १९७६ सालीं बसविलें. इंधन कोणतेंही असो, पुरतें जळण्यास जेवढी हवा लागते तेवढीच मिळाली तर मापक १ दाखवितो. त्याहून कमी आंकडा म्हणजे दाट व अधिक म्हणजे विरळ. पुऱ्या शक्तीसाठीं सुमारें ०.८८ ठेवितात. या मापनाचा मोठा गुण हा कीं, पेट्रोलमध्यें इथेनॉल मिसळलें तरी त्याचा अर्थ बदलत नाहीं.

ऋतु व उंची

हवा तापली किंवा उंचीवर विरळ झाली कीं तिचें वजन घटतें, पण जेटमधून येणारें पेट्रोल त्याच मानानें घटत नाहीं. वाईहून पसरणीचा घाट चढून सुमारें १,३५० मीटर उंचीच्या महाबळेश्वरीं पोंचलें कीं हवा समुद्रकांठच्या मानानें शेंकडा बारा-तेरानें हलकी झालेली असते, आणि समुद्रकांठीं जुळविलेल्या कार्ब्युरेटरचें मिश्रण तेथें शेंकडा सहाच्या आसपास दाट होतें. वैशाखांतील विदर्भाच्या उन्हांतही असाच परिणाम थोड्या प्रमाणांत घडतो. उलट, उन्हाळ्याच्या दुपारीं किंवा घाटमाथ्यावर जेमतेम बेतानें जुळविलेलें इंजिन थंडींतील पहाटे सपाटीवर विरळ पडतें. म्हणून जुळणी करितांना दिवस, वेळ व ठिकाण लिहून ठेवण्याची जी पद्धति शर्यतवाल्यांत आहे, ती अनुकरणीय आहे.

इथेनॉलनें काय बदललें

आतां आपल्या घरच्या प्रश्नाकडे वळूं. इथेनॉलच्या रेणूंत प्राणवायू आधींच असल्यामुळें एका भारास फक्त नऊ भार हवा पुरते. शेंकडा वीस इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलास त्यामुळें १४.७ ऐवजीं सुमारें १३.५ भार हवा लागते. कार्ब्युरेटर मात्र हवेच्या मानानें पूर्वीइतकेंच इंधन सोडीत राहतो. परिणाम असा कीं, निव्वळ पेट्रोलावर जुळविलेलें इंजिन या मिश्र पेट्रोलावर सुमारें शेंकडा आठनें विरळ चालूं लागतें. पूर्वीं दहा टक्के इथेनॉलावर जुळविलें असेल तर हा फरक साधारण निम्मा राहतो.

शेंकडा आठ हा आंकडा मोठा कीं लहान? तें मूळच्या जुळणीवर अवलंबून आहे. जें इंजिन पुऱ्या भाराला ०.८७ वर, म्हणजे पुरेसें दाट जुळविलें होतें, तें ०.९४ वर येईल; त्याची शक्ति किंचित् घटेल, पण धोका नाहीं. जें इंजिन मायलेजच्या हव्यासानें आधींच १.०५ वर, म्हणजे विरळ करून ठेविलें होतें, तें १.१३ वर जाईल. तें अडखळेल, गरम होईल, कार्ब्युरेटरमधून फट्‌फट् आवाज काढील, आणि भाराखालीं स्वतःचा नाश करून घेईल. थोडक्यांत, ज्यानें पूर्वीं थोडी सढळ जुळणी ठेविली तो तरला, आणि ज्यानें थेंबाथेंबाची काटकसर केली तोच आज जास्त खर्चांत पडतो.

यावर उपाय अवघड नाहीं. एस्. यू. सारख्या कार्ब्युरेटरावर नट एक-दोन पैलू खालीं उतरवून वरील परीक्षा पुन्हां घ्यावी. वरच्या वेगांस तेवढें पुरलें नाहीं तर अधिक निमुळती सुई घालावी. ठरीव जेटच्या कार्ब्युरेटरांत वाट शेंकडा आठनें वाढवावयाची तर भोंकाचा व्यास शेंकडा चारनेंच वाढवावा लागतो, कारण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गानें वाढतें. जेथें जेटचा क्रमांक मिलिमीटरच्या शतांशांत असतो तेथें शंभराच्या जागीं एकशें पांच क्रमांकाचा जेट घातला कीं काम भागतें. जेटचें भोंक तारेनें किंवा ड्रिलनें मोठें करण्याचा उद्योग कोणीं करूं नये. भोंक वांकडें होतें, माप कळत नाहीं, व पुढें परतीची वाट राहत नाहीं.

इथेनॉलविषयीं आणखी दोन गोष्टी निःपक्षपातानें सांगितल्या पाहिजेत. पहिली, त्याची ठोके रोखण्याची शक्ति पेट्रोलापेक्षां जास्त आहे व तें वाफ होतांना सिलिंडर अधिक थंड करितें. म्हणूनच अमेरिकेंतील इंडियानापोलिसच्या प्रसिद्ध शर्यतींतील मोटारी २००७ सालीं इथेनॉलावर धांवल्या. तें इंजिनाचें वैरी नव्हे. दुसरी, एका लिटर इथेनॉलांत पेट्रोलाच्या सुमारें दोन-तृतीयांश इतकीच उष्णता असते, म्हणून वीस टक्के मिश्रणांत निव्वळ पेट्रोलाच्या मानानें शेंकडा सहा-सात उष्णता कमी असते. तें हवेंतील ओल शोषून घेतें. आणि जुन्या प्रकारचें रबर व वाडग्याची धातु यांस तें मानवत नाहीं. हे दोष झांकून ठेवल्यानें शेतकऱ्याचें हित होणार नाहीं. ज्याच्या उंसास व मक्यास या इथेनॉलामुळें गिऱ्हाईक मिळालें आहे, त्याच्याच शेतावरील यंत्र त्यामुळें जळालें आणि कारण कोणास कळलें नाहीं, तर दोष पिकावर येईल. खरा दोष न बदललेल्या जेटचा असेल.

शेतावरील लहान इंजिनें

वरील सर्व विवेचन शेतावरील यंत्रांस कसें लागू होतें तें आतां पाहूं.

(१) ब्रशकटर व तत्सम टू-स्ट्रोक इंजिन. यास सर्वांत अधिक जपावें, कारण यांत वंगण पेट्रोलाबरोबरच जातें. मिश्रण विरळ झालें कीं उष्णता वाढते आणि वंगणही घटतें; असें दुहेरी संकट ओढवून पिस्टन धरतो. ‘सुरक्षित असावें म्हणून’ पेट्रोलांत तेल ठरल्यापेक्षां जास्त घालणारे लोक आहेत. परंतु तेल जास्त म्हणजे तेवढ्याच द्रवांत पेट्रोल कमी, अर्थात् मिश्रण आणखी विरळ. तेलाचें प्रमाण कारखानदारानें सांगितलें तेंच राखावें. जोराच्या चालीचा स्क्रू असल्यास, पात्यावर भार नसतांना पुऱ्या वेगाचा आवाज किंचित् भरडा, अडखळल्यासारखा यावा, व गवतांत पातें घालतांच तो स्वच्छ व्हावा, इतपत तो उघडा ठेवावा. बिनभारानेंच आवाज अतिशय तीक्ष्ण व स्वच्छ येत असेल तर तो धोक्याचा इशारा समजावा.

(२) वीडरचें फोर-स्ट्रोक इंजिन. यांत मुख्य जेट बहुधा ठरीवच असतो, व बाहेरून दिसणारा स्क्रू केवळ मंद चालीचा असतो. तो कितीही फिरविला तरी मातींत चालतांना पडणाऱ्या भारास कांहीं उपयोग होत नाहीं. भाराखालीं इंजिन धापा टाकतें आणि चोक अर्धवट ओढला कीं सुधारतें असें दिसलें, तर मिश्रण विरळ आहे हें निश्चित. प्रथम जेट व वाडगा साफ करावा, गॅस्केट पाहावें. त्यानेंही भागलें नाहीं तर मोठा जेट मागवावा. चोक ओढून काम रेटणें हा उपाय नव्हे.

(३) हवेची जाळी. कोरड्या रानांत काम करणाऱ्या इंजिनाची जाळी दररोज झाडावी. जाळी कोंडली कीं हवा कमी होऊन मिश्रण दाट होतें व पेट्रोल जास्त जळतें. जाळी काढून टाकली तर मिश्रण विरळ होतेंच, शिवाय धूळ सिलिंडर घासून टाकते.

(४) यंत्र ठेवून देणें. हंगाम संपला कीं टाकी रिकामी करावी, व वाडग्यांतील पेट्रोल संपून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत तें चालवावें. पावसाळी हवेंत महिनोन्‌महिने राहिलेलें इथेनॉलयुक्त पेट्रोल ओल धरतें. पुरेशी ओल झाली कीं पाणी व इथेनॉल मिळून तळाशीं वेगळें बसतें, आणि पुढच्या हंगामांत प्रथम तेंच जेटमध्यें शिरतें. फुगलेली किंवा भेगाळलेली रबरी नळी दिसतांच बदलावी. तिची किंमत आगीच्या मानानें कांहींच नाहीं.

(५) नोंद. स्क्रू फिरविण्यापूर्वीं तो पूर्ण बंद होईपर्यंत किती फेरे लागतात तें मोजून लिहून ठेवावें, व मगच हात घालावा. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कशाचा व दोष कशाचा, तें ब्रह्मदेवासही सांगतां येणार नाहीं.

शेतकरी संघांनीं या कामीं पुढाकार घेतला तर बरेंच साधेल. यंत्र विकत घेतांना तें वीस टक्के इथेनॉलासाठीं जुळविलेलें आहे कीं नाहीं, जेटचा क्रमांक कोणता, व मोठा जेट मिळतो कीं नाहीं, हें दुकानदाराकडून पावतीवर लिहून घ्यावें. आणि गांवांतील एक-दोन होतकरू तरुणांस लॅम्डा मापक वापरण्याचें शिक्षण द्यावें. खतांत नत्र, स्फुरद व पालाश यांचें प्रमाण पाहणारा, जनावराच्या खुराकांत पेंड व कडबा यांचा मेळ घालणारा शेतकरी या विद्येस परका नाहीं. प्रमाण ओळखणें हाच त्याचा पिढीजात धंदा आहे. तीच दृष्टि त्यानें आपल्या इंजिनाच्या हवा-पेट्रोलाकडे वळविली, तर त्याचें यंत्र टिकेल, पेट्रोल वांचेल, आणि त्याच्या शेतांतून निघालेलें इंधन त्याच्याच शेतावर विनातक्रार काम करील.